प्रोस्टेटचा कॅन्सर: इंजेक्शन घ्यावे की ऑपरेशन करावे?

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की बाया चटया गुंडाळतात आणि माणसे चपला शोधत बाहेर पडतात. त्या दिवशी एक काका मागेच रेंगाळले. वय 70 च्या पुढे, सारा जन्म हमालीत गेलेला. सून बाहेर गेली तशी त्यांनी पिशवीतून फाईल काढली. "जयभीम ताई. डॉक्टर म्हणते, एक तं जन्मभर इंजेक्शन घ्या, नाई तं खालच्या गोट्या काढून टाका. आता हे घरात कोणाले सांगू?"

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली, आता वस्त्यावस्त्यांतून फिरतो. गर्भाशयाच्या कॅन्सरबद्दल बाया हळूहळू बोलू लागल्या आहेत. पुरुष मात्र लघवीचे दुखणे 'वयाचे आहे' म्हणून अंगावर काढतात आणि निदान झाले की बायकोपासूनही लपवतात. म्हणून या वेळचे पान त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी. उतारवयात ती फुगते, लघवीची धार बारीक होते, रात्री चार वेळा उठावे लागते. बहुतेकांचे हे फुगणे कॅन्सर नसते. पीएसए नावाच्या रक्ततपासणीचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असेही नाही. लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा लघवी तुंबली तरी तो चढतो. खात्री होते ती बायोप्सीने. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ग्लीसन' असा शब्द असतो. त्यापुढे 6 असेल तर आजार संथ, 7 असेल तर मधला, 8 ते 10 असेल तर जोराचा. आजार ग्रंथीतच आहे की हाडांत उतरला, हे बोन स्कॅनसारख्या तपासणीत दिसते. आजार कोणता आणि कुठवर, हे दोन्ही कळल्यावरच उपचाराची निवड करता येते. रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. ते मागण्यात काही उद्धटपणा नाही.

हा कॅन्सर बहुधा सावकाश चालतो. "उद्याच करा, नाही तर गेले" असे कोणी म्हटले तर का, ते विचारा. दोनचार आठवडे विचाराला सहसा मिळतात. अपवाद एकच, आणि तो पाठ करून ठेवा: पाठीत जोराची कळ येऊन पायांतली ताकद जायला लागली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. मणक्यात उतरलेली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

आजार ग्रंथीतच आणि संथ असेल तर नुसती नजर ठेवणे हाही उपचार आहे. ठरावीक महिन्यांनी पीएसए, गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी, आजार पुढे सरकला तरच हात घालायचा. आमच्या लोकांना हे ऐकून राग येतो. गरीब म्हणून टाळतात, असे वाटते. पण ब्रिटनमध्ये लवकर निदान झालेल्या 1643 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटून नजर, ऑपरेशन आणि रेडिएशन यांची तुलना केली गेली. 2023 मध्ये 15 वर्षांचा निकाल आला. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले 100 मागे 3 च्या आसपासच होते. नजर ठेवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे उपचार घ्यावा लागला, काहींचा आजार पसरला, हेही खरे. तेव्हा नजर म्हणजे घरी बसून विसरणे नव्हे.

ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशननंतर काही जणांना लघवी गळण्याचा त्रास राहतो. पोते उचलताना, खोकताना कपडे ओले होतात. ज्याच्या घरात एका नळावर सहा माणसे आहेत, त्याने हे आधीच विचारून घ्यावे. रेडिएशनमध्ये चिरफाड नाही, पण संडासचा त्रास होऊ शकतो. लैंगिक ताकद दोन्हीत कमी होऊ शकते. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कुठे 20 बैठकांत, कुठे त्याहून जास्त. म्हणजे यवतमाळच्या माणसाने नागपुरात किंवा सेवाग्रामला महिनाभर तरी मुक्काम धरावा लागतो. सोबत कोण राहील, त्याची रोजी कोण भरून देईल, हा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडायला लाजू नका. बैठका किती, हे आधी कळले की सोय करता येते.

आता काकांचा प्रश्न. त्यांचा आजार हाडांत उतरलेला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन बंद केले की आजार दबतो. अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी हे 1941 मध्ये दाखवले आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हार्मोन बंद करायचे दोन मार्ग: दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन, नाही तर अंडकोषातल्या दोन्ही गोट्या एकदाच काढणे. कॅन्सर दाबण्यात दोन्ही सारखेच. ऑपरेशन लहान असते, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. काही सर्जन वरचे आवरण राखून आतला भागच काढतात, त्यामुळे पिशवी रिकामी दिसत नाही. आवाज बायकी होत नाही. इच्छा मात्र जाते, अंगातून गरम वाफा येतात, हाडे आणि स्नायू कमजोर होतात. पण हे इंजेक्शननेही होतेच. इंजेक्शन घेतले म्हणजे मर्दानगी राहिली, असे नाही. फरक हा की इंजेक्शन थांबवले तर हार्मोन परत येऊ शकते, ऑपरेशन परतीचे नाही.

आमच्या वॉर्डातले एक दादा आम्ही विसरत नाही. लाजेखातर त्यांनी इंजेक्शन निवडले. तीन घेतले. मग कापसाची वेचणी आली, मग पोरीचे लग्न, मग पैसे नव्हते. आले ते थेट खाटेवर, पाय गेलेले. इंजेक्शन वाईट नाही. पण प्रत्येक वेळी हजारो रुपये, एसटीचा प्रवास आणि बुडालेला दिवस, हे वर्षानुवर्षे जमणार आहे का, हे मर्दानगीच्या आधी मोजायला हवे. शिवाय नेहमीच्या इंजेक्शनचा पहिला डोस घेतल्यावर सुरुवातीला हार्मोन उलट चढते, म्हणून आधी गोळ्या देतात. त्या चुकवू नका. आणि रेडिएशनसोबत सहा महिने किंवा दोनतीन वर्षेच इंजेक्शन लागणार असेल, तर गोट्या काढण्याची घाई करू नये. तेव्हा विचारा: हे जन्मभराचे आहे की ठरावीक मुदतीचे? हाडांत उतरलेल्या आजारात हल्ली सोबत ॲबिराटेरॉनसारख्या गोळ्या किंवा केमोही देतात. आपल्याला लागू आहे का, हेही विचारा.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतो. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, आणि इंजेक्शन व गोळ्या त्यात बसतात का, ते उपचार सुरू होण्याआधीच विचारा. नाव-पत्त्यात फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा, तिथेच अर्धे लोक परत फिरतात. 155388 वर फोन करूनही विचारता येते. एसटीत 75 च्या पुढच्यांना प्रवास मोफत, 65 च्या पुढे अर्धे तिकीट, बायांनाही अर्धे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला मोठी सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

उपचार कोणताही असो, रोज चालणे, दूध-डाळ-अंडी आणि खर्रा बंद. खर्ऱ्यावर काका आमच्याशी भांडले.

पुढच्या रविवारी ते काकूंना घेऊन आले. फाईल काकूंच्या हातात होती. "मले पहिलेच सांगायचं होतं नं," एवढेच त्या म्हणाल्या आणि ऑपरेशननंतर आंघोळ कधी घालायची ते विचारू लागल्या. तारीख आता लागली आहे. सुनेला 'हर्निया' सांगितले आहे. खरे काय ते सोयाबीनची सोंगणी संपली की सांगू, असे काकूंचे म्हणणे आहे.