हार घातला, ग्रीस राहिलं

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, कोयता, पाने-पकडी आणि १९७४ सालची बुलेट यांची एकत्र पूजा होते. बुलेट आमच्या अप्पांची. ते होते तोवर पूजेच्या आदल्या रविवारी अंगणात जुनं धोतर पसरायचे आणि गाडीचं हँडल उतरवायचे. आम्ही मुलं छर्रे मोजायला बसायचो. अप्पा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. पूजा चुकली नाही, हारही चुकला नाही. धोतर पसरणं मात्र राहून गेलं. एक वर्ष, दोन वर्षं, आणि बघता बघता नऊ वर्षं.

गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटातून पणजीहून परतताना त्याची आठवण झाली. वळण संपलं तरी हँडल सरळ येताना मध्येच अडकल्यासारखं होई, मग एकदम सुटे. गाडी रेषेत राहीना. मागे मुलगी बसलेली. घरी पोचेपर्यंत मी घामाघूम झालो होतो. एका कारागिराने वरचा नट आवळून दिला आणि "जुन्या गाडीचं असंच असतं" म्हणाला. त्याने हँडल आणखी जड झालं. आणि मुलगी तर यंदापासून हीच गाडी चालवायला शिकते म्हणत होती.

शेवटी अप्पांच्या ओळखीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं आणि दोन बोटांनी हँडल हळूच फिरवलं. बरोबर मध्ये खट्‌कन खाच लागली. "सर, बॉल रेसर गेलाय की," एवढंच म्हणाले.

बुलेटचा चिमटा हँडलखालच्या नळीत वर आणि खाली अशा दोन जागी फिरतो. दोन्हीकडे वाटी, कोन आणि मध्ये पाव इंची सुटे छर्रे. चाकाचं बेअरिंग सतत गरगरतं, म्हणून ते सगळीकडून सारखं झिजतं. हँडलचं तसं नाही. सरळ रस्त्यावर ते जवळपास हलतच नाही, आणि खड्ड्यांचा प्रत्येक दणका त्याच छर्‍यांखाली त्याच जागी बसतो. ग्रीस वाळलेलं असलं की वाटीत हळूहळू खळगे पडतात. हँडल मध्ये आलं की छर्रे त्या खळग्यांत उतरतात आणि गाडी अडते. अशा वेळी नट आवळणं म्हणजे छर्रे खळग्यात आणखी दाबणं. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा ग्रीस धुऊन नेतात, मग गंज उरलेलं काम करतो.

आमची खालची वाटी उघडली तर आत गंजाचा चिखल. बुडाशी टिकल्यांसारखे खळगे रांगेने दिसत होते.

आता प्रश्न काय बसवायचं याचा. नव्या वाट्या-छर्‍यांचा संच स्वस्त, गाडी मूळची तशीच राहते आणि हँडल हलकं चालतं. दुसरा पर्याय टेपर रोलर बेअरिंगचा. छर्रा वाटीला एका बिंदूत टेकतो, रोलर लांबीभर रेषेत टेकतो. वजन पसरतं, म्हणून खळगे लवकर पडत नाहीत. मात्र माप व्हर्नियरने तपासूनच घ्यावं लागतं, कारण उंचीत फरक पडला तर वरचा नट नीट बसत नाही. मिस्त्री म्हणाले, "दरवर्षी उघडणार असाल तर छर्रे घाला. विसरणार असाल तर टेपर." मी माझा स्वभाव ओळखून टेपर घेतले.

काम करताना कळलेल्या गोष्टी सांगतो. चिमटा उतरवण्यापूर्वी खाली कापड पसरावं. छर्रे टपाटप पडतात आणि ते मोजून ठेवावे लागतात. छर्रेच पुन्हा घालायचे तर वाट्या, कोन आणि छर्रे सगळे नवे घ्यावेत, जुन्यात नवे मिसळू नयेत. जुनी वाटी आतून थोडी थोडी, सगळ्या बाजूंनी ठोकून काढावी. नवी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तर जराशी आकसते आणि सरळ बसते. आमच्या घरी ती मटारच्या पिशवीशेजारी होती, त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. ग्रीस रोलरच्या फटींत बोटाने दाबून भरावं, नुसतं वरून फासू नये.

नट आवळण्यात खरी परीक्षा. चाक अधांतरी असताना चिमट्याचे खालचे पाय धरून पुढेमागे ओढावेत. सांध्यावर बोट ठेवलं की खडखड तिथलीच आहे की शॉकअपच्या बुशांची, ते कळतं. खेळ अजिबात नको, पण हँडल मधून हलकेच ढकललं तर आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडायला हवं. ढिलं राहिलं तर ब्रेक दाबताना पुढून ठक्‌ असा आवाज येतो. जास्त आवळलं तर हळू चालवताना गाडी डावी-उजवी झुलते. तीन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावं, कारण नवं बेअरिंग थोडं बसतं.

आता मुलगी सकाळी टिळकवाडीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकते. हँडल दोन बोटांनी वळतं. टेपर बसवले म्हणून उघडायचंच नाही असं नसतं, त्यांनाही ग्रीस लागतं. येत्या खंडेनवमीच्या आदल्या रविवारी अंगणात कापड पसरायचं, असं तिनेच ठरवलं आहे. तुमच्या दारात एखादी जुनी गाडी असेल तर हार घालण्यापूर्वी पुढचं चाक उचलून हँडल एकदा फिरवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.