एकनाथ कष्टाळू आहे, बरं, मग?

सकाळी ६

चहा उकळतोय आणि टेबलावर बी.ए.च्या स्वाध्यायांचा गठ्ठा पडलाय. विषय: ‘बारोमास’ कादंबरीतील कोणत्याही दोन व्यक्तिरेखांचे स्वभावविशेष. एकनाथ कष्टाळू, स्वाभिमानी, संवेदनशील. सुभानराव कष्टाळू, सोशिक. शेवंतामाय कष्टाळू, प्रेमळ, फटकळ. पुढच्या कागदावर तेच, त्याच क्रमानं. गाइड एकच आहे हे सांगायला नको. पोरांवर चिडण्यात अर्थ नाही. प्रश्न वर्षानुवर्षं तोच येतो, विशेषणं मोजून गुण मिळतात. वाईट एवढ्याचंच वाटतं, की ज्यांच्या घरात हे सुभानराव आणि शेवंतामाय रोज जेवायला बसतात, त्यांनी त्यांची ओळख गाइडातून उतरवून काढावी.

सकाळी ७.४५

चिखली-खामगाव गाडी. वाटेत अमडापूर लागतं, सदानंद देशमुखांचं गाव. त्यांची ‘बारोमास’ २००२ साली आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं ते २००६ मध्ये; सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता. म्हणजे सरकारी कागदात हा जिल्हा ‘संकटग्रस्त’ ठरला त्याच्या चार वर्षं आधी एका प्राध्यापकानं ते संकट एका घरात, चुलीपाशी आणून बसवलं होतं. आम्ही वर्गात मात्र त्या घराची ‘थीम’ शिकवतो आणि माणसं गाइडवर सोडतो.

खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चाललेली. आज वर्ग अर्धा रिकामा असणार.

सकाळी १०

होताच. हजेरीपटावर एका मुलाच्या नावापुढे आधीच्या कोणीतरी पेन्सिलनं ‘अनियमित’ असं लिहून ठेवलंय. त्याचा शेजारी सांगतो, “मॅडम, त्याच्या वावरात आज मळणीचं मशीन आलं.” गैरहजेरी लावली. शेरा खोडून टाकला.

फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘कष्टाळू’ लिहिलं आणि विचारलं, “तुमच्या गावात कष्टाळू नाही असं कोण आहे?”

मागून आवाज आला, “सरपंचाचा पोरगा!” सगळे हसले.

“म्हणजे गावात एक. बाकी सगळे कष्टाळू. मग सुभानराव कष्टाळू म्हटल्यानं तो तुम्हाला शेजारच्या माणसाहून वेगळा कळला का?”

वर्ग गप्प. मला हवी होती तीच शांतता. कोरडवाहू घरात राबणं हा स्वभाव नाही, ती अट आहे. न राबण्याची सोय असताना जो राबतो, त्याच्याबद्दल काही बोलता येईल. ॲरिस्टॉटलनं ‘काव्यशास्त्रा’त जवळपास हेच सांगितलंय: जिथं निवड उघड नसते तिथं माणूस काय पत्करतो आणि काय टाळतो, त्यातून त्याचं शील दिसतं. भरतमुनींचे धीरोदात्त-धीरललित नायक मी फळ्यावर लिहिलेच नाहीत. डोक्यावर बँकेचं कर्ज असलेला नायक त्या चार खणांत कुठं बसवणार?

“आता एकनाथचा ‘स्वाभिमानी’ घ्या. एम.ए., बी.एड. झालेला. नोकरीसाठी पैसे मागतात, तो देत नाही. हा स्वाभिमान आहे का?”

“वावर इकून भरता आले असते मॅडम,” एक म्हणाला.

“कायले? पैसेच नव्हते त घमंड कायची?” दुसरा.

हे भांडण मला हवंच होतं. खिशात नसताना नाही म्हणणं आणि असताना नाही म्हणणं, दोन्हींना गाइड एकच शब्द देतं. पुस्तकं उघडायला लावली. कुठल्या पानावर त्याच्यापुढं दुसरी वाट खरोखर होती, ते शोधा. दहा मिनिटं नुसती पानं चाळल्याचा आवाज.

मग एकनाथच्या बायकोवर, अलकावर आलो. नवऱ्याला सोडून माहेरी गेलेली बाई. मुलांचा निकाल तयारच होता. स्वार्थी. चैनीची. शहरातली. एकानं तर ‘तिच्यामुळंच त्याचं वाटोळं’ असंही म्हणून टाकलं. मुली वहीत डोकं घालून बसलेल्या. शेवटी दाराजवळच्या बाकावरची, एरवी हूं की चूं न करणारी एक, मान वर न करताच म्हणाली, “तिले त शिकेल पोरगा हाय, नोकरी लागंलच, असं पाहून देल्ली होती ना मॅडम? तिले कोणी विचारलं व्हतं का वावरात जाशील म्हून?”

मुलांपैकी कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. घंटाही झाली होती.

दुपारी १

स्टाफरूम, डबे. मानसशास्त्राचे सर भाकरी मोडता मोडता सांगतात, “तुमच्या एकनाथची चाचणी मी पाच मिनिटांत घेतो.” त्यांच्याकडे पंचघटक प्रश्नावली असते: मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक अस्थिरता. तिच्यामागचा इतिहास मला आवडतो. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले, आणि त्यातले साडेचार हजार टिकाऊ स्वभावाचे म्हणून वेगळे काढले. म्हणजे गाइडवाल्यापेक्षा मेहनत बरीच केली, एवढं मान्य.

मी विचारलं, “प्रश्नावली त्यानं कोणत्या महिन्यात भरायची? मृगात ढगांकडे बघत, की दिवाळीत सावकार दारात असताना?”

सर हसले नाहीत. म्हणाले, “एकनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ मधू एकाच घरातले, एकाच कर्जाखालचे. महिनाही तोच. तरी दोघं एकसारखे वागतात का?”

यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. परिस्थितीच सगळं ठरवत असती तर ते घर एकाच माणसाच्या पाच प्रती झालं असतं. सरांचा मुद्दा खरा आहे. पण आकडा लिहून थांबायचं नाही, तिथून वाचायला सुरुवात करायची. एकच कोंडी दोघांना, आणि दोघं वेगवेगळ्या दिशेनं धडका देतात. फरक कळतो तो धडकेच्या दिशेवरून.

दुपारी २.३०

ग्रंथालय. दाराजवळच्या बाकावरची ती मुलगी वही घेऊन आली. चार रकाने आखले: प्रसंग, पुढं असलेल्या वाटा, घेतलेली वाट, आणि त्या वाटेची किंमत कोणी मोजली. चौथा रकाना तिनंच सुचवला. अलकाचं पान भरून गेलं. एकनाथच्या पानावर तिनं सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तो करतो त्यापेक्षा मनात घोळवतो जास्त, आणि घोळवणं हा प्रसंग धरायचा की नाही यावर आमचं एकमत होईना. शेवटी धरला.

शेवंतामायच्या पानावर दुसरा रकाना जवळजवळ कोराच राहिला. मुलगी गोंधळली. “मॅडम, मंग हिले स्वभावच नाही का?”

मी म्हटलं, तिची वाक्यं वाच. करण्यावर बंधन आहे तिथं जीभ तेवढी मोकळी असते. काय बोलायचं, कोणाला बोलायचं, आणि कोणासमोर गिळायचं, हे तिचं तीच ठरवते. तासभर आम्ही फक्त तिची बोलणी उतरवली. म्हणजे गाइडातला ‘फटकळ’ हा शब्द तेवढा टिकला. बिनकामाच्या यादीत एक दाणा बरोबर निघाला, तर तो मान्य करायला काय हरकत?

संध्याकाळी ५.३०

परतीची गाडी. जागा नाही. गोणीवर बसलेल्या एका आजींना कोणीतरी भाव विचारला. त्यांनी भाव सांगितला नाही, व्यापाऱ्याचा उद्धार केला.

रात्री ९

अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका उद्या द्यायचीय. ‘एकनाथचे स्वभावविशेष लिहा’ हे वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं: ‘कादंबरीतील कोणत्याही एका पात्रापुढे दोन वाटा खुल्या असल्याचा एक प्रसंग निवडा. त्याने कोणती वाट घेतली, का, आणि दुसरी घेतली असती तर घरात काय बदलले असते ते लिहा.’ गुण दहा. विभागप्रमुखांना फोन केला. म्हणाले, “याचं उत्तर कुठल्याच गाइडात नाही, पोरं ओरडतील.” मी म्हटलं, सोंगणीला गेलेल्यांना आठवडाभर उशिरा द्यायची मुभा ठेवते. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, दहाचे आठ करा, आणि दोन गुण जुन्या प्रश्नाला राहू द्या.


आठ केले.