कोळी आणि जुने घर

कोळी हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी कोकणातल्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर दर्यात होडी लोटणारा कोळी उभा राहील. मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या कोळ्याविषयी. पोट दोघांचेही जाळ्यावरच चालते; परंतु पहिल्याची आपण वाट पाहतो आणि दुसरा दिसताच पायातली वहाण हातात घेतो. ती वहाण उगारण्यापूर्वी थोडा विचार करावा, एवढेच मला सांगायचे आहे. तो विचार मी स्वतः वेळेवर केला नाही, म्हणूनच तो सांगण्याची निकड मला अधिक वाटते.

दिल्लीत सरकारी नोकरांसाठी बांधलेल्या एका जुन्या वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे. इमारतीची साठी केव्हाच उलटली. दारांच्या चौकटी आणि भिंती यांच्यामध्ये बोट शिरेल एवढ्या फटी, खिडक्यांच्या गंजलेल्या जाळ्या आणि माळ्यावर दर बदलीगणिक वाढत गेलेली पुठ्ठ्याच्या खोक्यांची उतरंड. पावसाळ्यात तळहाताएवढे कोळी भिंतीवर येऊन स्वस्थ बसतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझे वडील गावाहून आमच्याकडे राहायला आले. एके दिवशी सकाळी त्यांचे डावे पाऊल सुजलेले आणि लाल झालेले दिसले.

“अण्णा, रात्री काही चावलं का?” पत्नीने विचारले.

“चावलं असेल, सूनबाई. काल तो एवढा मोठा भिंतीवर बसला होता ना!” अण्णा म्हणाले.

झाले! साक्ष नाही, पुरावा नाही, आणि निकाल लागला. शेजारच्या आजीबाईंनी चुना लावायला सांगितला, आम्ही लावला. मी कीटकनाशकाचा डबा आणून घरातला एकूण एक कोळी हुडकून मारला, आणि आपण पुत्रधर्म पाळला अशा समाधानात तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी ताप चढला व सूज पोटरीपर्यंत पोहोचली, तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट विलग करून बेचक्यातली एक कुजलेली भेग आम्हाला दाखवली. जंतू तिथून शिरले होते. रक्त तपासले, तेव्हा अण्णांना मधुमेह असल्याचे प्रथमच कळले. पाय वाचला, दोन बोटे मात्र काढावी लागली. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची म्हण आहे. ती मी माझ्याच घरात खरी करून दाखवली होती. आणि संन्याशाच्या फाशीत गुंतलेल्या त्या तीन दिवसांत चोराने आपला कार्यभाग साधला होता.

त्यानंतर मी या प्राण्याची माहिती मिळवू लागलो. पहिली गोष्ट कळली ती अशी, की ‘हा कोळी विषारी आहे काय?’ हा आपला नेहमीचा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि थोडे अपवाद वगळता त्या सर्वांना विष असते. परंतु ते विष माशी, झुरळ, पतंग यांना लुळे करण्यासाठी असते, माणसासाठी नव्हे. कोळ्याला घन अन्न गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडून त्याचा द्रव करतो आणि तो शोषून घेतो. डास किंवा ढेकूण यांच्याप्रमाणे माणसाच्या रक्तावर त्याची उपजीविका नाही. त्यामुळे निजलेल्या माणसाकडे चालत जाऊन त्याला चावण्याचे काही प्रयोजनच त्याला नसते. तो चावतो ते अंगाखाली, कपड्यात किंवा जोड्यात चिरडला जाऊ लागल्यावर, निरुपायाने. तेव्हा विचारायचे ते असे, की याचे दात आपल्या कातडीतून आत जातात काय, आणि गेल्यास त्याचे विष माणसाला बाधते काय?

या कसोटीला उतरणारी कुळे जगात फार थोडी आहेत. अमेरिकेत ‘ब्लॅक विडो’ या नावाने ओळखला जाणारा कोळी आणि ऑस्ट्रेलियातला पाठीवर तांबडा पट्टा असलेला कोळी हे एकाच कुळातले. त्यांचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते. त्याने घाम सुटतो आणि स्नायूंत तीव्र कळा येतात. या तांबड्या पट्ट्याच्या कोळ्यावर ऑस्ट्रेलियात १९५६ साली प्रतिविष उपलब्ध झाले. सिडनी परिसरातील अधिक घातक ‘फनेल-वेब’ कोळ्यावरचे प्रतिविष १९८१ साली वापरात आले, आणि त्यानंतर त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची एकही निश्चित नोंद नाही. दुसरे कुळ ‘रेक्लूज’ म्हणजे एकांतवासी कोळ्यांचे. यांच्या विषाने दंशाभोवतालचे मांस कधी कधी सडते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. यांना सहाच, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. या दोन्ही कुळांतील कोळी भारतातही नोंदले गेले आहेत. शिवाय सह्याद्रीच्या रानांत झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत; त्यांच्या दंशानेही स्नायूंत वेदनादायक पेटके येतात. म्हणजे धोका मुळीच नाही असे नव्हे. पण तो फार थोड्यांपासून आणि क्वचित प्रसंगी असतो.

किती क्वचित, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात घडले. लेनेक्सा येथील एका एकोणिसाव्या शतकातल्या घरात, सहकुटुंब माणसे राहत असताना, सहा महिन्यांत २,०५५ एकांतवासी कोळी पकडण्यात आले. त्यांपैकी सुमारे ४०० माणसाला इजा करण्याएवढे मोठे होते, असा अंदाज होता. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. घरातल्या एकाही माणसाला दंश झाल्याचे त्यात आढळले नाही. या घराच्या मानाने आमची जुनी सदनिका म्हणजे अगदीच सोवळी म्हणावी लागेल!

आता आपल्या भिंतीवरचे हे पाहुणे कोण, ते पाहू. मोठा, चपटा, करड्या रंगाचा, खेकड्यासारखे पाय पसरून बसणारा कोळी जाळे विणत नाही. तो झुरळांचा शिकारी. त्याची मादी अंड्यांची पांढरी चपटी पिशवी पोटाखाली धरून हिंडते. तिला पाहून बायकामुले भितात, ती मात्र पळायची वाट शोधत असते. छताच्या कोपऱ्यात विस्कळीत जाळ्यात उलटा लोंबणारा, काडीसारख्या लांब पायांचा, फुंकर घालताच जाळ्यासह थरथरणारा कोळी तर अगदी निरुपद्रवी. खिडकीवर उड्या मारत माश्या टिपणारा बुटका कोळीही तसाच. भारतीय कोळ्यांवर १९८७ साली मार्गदर्शक ग्रंथ लिहिणारे डॉ. बी. के. टिकादर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्ये वेचून या प्राण्यांची मोजदाद केली; आपण निदान घरातल्या तिघाचौघांची ओळख करून घ्यायला हरकत नसावी.

मग कोळ्याच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या जखमा येतात तरी कुठून? अंगावर कोळी चिरडला की फोड उठतात, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. पावसाळ्यात दिव्याकडे झेपावणारा, मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा एक लहानसा भुंगेरा असतो. तो कातडीवर चिरडला गेला की त्याच्या अंगातील दाहक रसाने भाजल्यासारखे चट्टे उठतात. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड आले, तर ती बहुधा नागीण, म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा झालेला. ताप आणि अंगावर कुठेतरी काळी खपली, असे दिसल्यास तो एका सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस असू शकतो. तो वेळीच ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो, दुर्लक्ष केल्यास जिवावर बेततो. आणि मधुमेही माणसाच्या पायाची सूज ही तर कधीच ‘काहीतरी चावलं असेल’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नव्हे.

भीतीपायी काय होते, ते २०१२ साली आसाममधील सदिया येथे दिसून आले. कोळ्यांनी चावे घेतल्याच्या बातम्यांनी तिथे घबराट उडाली, आणि दोघे दगावल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु ते कोळ्याच्या विषाने गेले, हे सिद्ध झाले नाही. रुग्णांना आधी मांत्रिकांकडे नेऊन त्यांच्या जखमा पात्याने चिरल्या गेल्या होत्या, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

तेव्हा जुन्या घरात करायचे काय? कोळी घरात येतो तो अन्न आणि आसरा शोधत. म्हणून पहिला उपाय झुरळांवर आणि डासांवर. उष्टीखरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत, खिडक्यांच्या जाळ्या बदलाव्यात, दारावरचा दिवा विनाकारण जळत ठेवू नये. दिव्याकडे किडे येतात आणि किड्यांमागोमाग कोळी. दुसरा उपाय आसऱ्यावर. चौकटींच्या फटी पुट्टीने बुजवाव्यात. पुठ्ठ्याची खोकी काढून टाकून घट्ट झाकणाचे डबे वापरावेत. खाट भिंतीपासून वीतभर दूर असावी आणि पांघरूण जमिनीवर लोळू नये. खुंटीवर बरेच दिवस टांगलेला कपडा आणि कोपऱ्यातला जोडा झटकल्याशिवाय घालू नये. माळा आवरताना हातमोजे घालावेत. जळमटे आठवड्याला एकदा कुंच्याने काढली, तरी पुष्कळ काम होते. कीटकनाशकाच्या फवाऱ्यावर फार भिस्त ठेवू नये. तो प्रत्यक्ष अंगावर पडला तरच कोळी मरतो, फटीत दडलेल्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि त्याचा वास मात्र घरातल्या माणसांना भोवतो.

खरोखर दंश झालाच, तर जागा साबणाने व पाण्याने धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी आणि तो अवयव हलवू नये. शक्य झाल्यास कोळी बाटलीत धरावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे डॉक्टरांना अंदाजावर विसंबावे लागत नाही. जखम चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; चुना, तंबाखू, राख यांपैकी काहीही लावू नये. सापाच्या विषावरची लस इथे उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. स्नायूंत कळा, घाम, ताप, लघवीचा गडद रंग किंवा वाढत जाणारी सूज दिसली, अथवा रुग्ण लहान मूल, वृद्ध वा मधुमेही असला, तर तासभरही न दवडता रुग्णालय गाठावे.

यंदा पावसाळ्यात अण्णा पुन्हा आमच्याकडे आले. काठी टेकत टेकत ते न्हाणीघराकडे निघाले असता भिंतीवर तोच तळहाताएवढा कोळी बसलेला दिसला. मी पुढे होऊन त्याच्यावर काचेचा पेला पालथा घातला, पेल्याखालून एक जुने पोस्टकार्ड सरकवले आणि त्याला बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन सोडले. मग आत येऊन, रोजच्याप्रमाणे, अण्णांचे दोन्ही पाय धुऊन पुसले आणि बोटांची बेचकी एक एक करून पाहिली.