धबधब्याची जीप आणि चिकट्याचा मध

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या कामाच्या गावांपैकी एका डोंगरी गावात ग्रामसभा आटोपली, चहा आला, आणि सरपंचबाई म्हणाल्या, "साहेब, आपल्या धबधब्याला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागतीया. गावाला काय मिळतंय? प्लॅस्टिक आणि फुटक्या बाटल्या. पोरांकडं बारा वडापच्या जीपगाड्या हायेत. त्या लावून धबधबा दाखवायचा धंदा बसंल का? तुम्ही परदेशात असलं काय बघून आलाय म्हणं."

बघून आलो होतो हे खरं. सप्टेंबर २०२३ मध्ये मेहुण्याच्या ओळखीच्या चौदा जणांच्या मंडळाबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो. सरकारी अभ्यास दौरा नव्हे, रजा टाकून, स्वतःच्या खिशातून. (हे आधीच सांगितलेलं बरं. गावात चर्चा वेगळी होते.) मे २०२५ नंतर दोन देशांतल्या राजकीय कडवटपणामुळं आपल्याकडच्या अनेक प्रवासी कंपन्यांनी तिकडच्या सहली बंद केल्या. तेव्हा वाचकांनी तिकडं जावं, असं सांगायला हा लेख लिहीत नाही. तिथल्या खेड्यांनी धबधबा आणि जीप यांची जी सांगड घातली आहे, तिचं खरं-खोटं आपल्या कामाचं आहे, एवढ्यासाठीच लिहितो.

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मूला नावाचा प्रांत आहे. समुद्रकाठी मार्मारिस हे बंदराचं गाव. उन्हाळ्यात युरोपातल्या पर्यटकांनी ते फुलून जातं. या गावाच्या पाठीमागं पाइनच्या झाडांचे डोंगर आहेत आणि डोंगरात लहान लहान खेडी. सकाळी हॉटेलच्या दारातून उचलायचं, दिवसभर उघड्या जीपमधून खेडी, धबधबा आणि समुद्र दाखवायचा, संध्याकाळी परत सोडायचं, असा तिथला जीप सफारीचा रिवाज. भाड्यात दुपारचं जेवण धरलेलं असतं.

जीप पाहिल्यावर आमच्यातले सगळेच हसले. टप काढलेली जुनी लँडरोव्हर, आत समोरासमोर दोन बाकडी, मागून चढायला लोखंडी पायरी. रंग सोडला तर आपली वडापच! फरक इतकाच, की माणसं बाकड्यावर मावतील तेवढीच घेतली. बोनेटवर कुणी नाही, मागं लोंबकळणारं कुणी नाही. एकामागं एक सोळा जीपगाड्या निघाल्या, त्या मी मोजल्या. आमची होती अकरावी. पक्का रस्ता सोडून जंगलातल्या मातीच्या वाटेला लागलो आणि पुढच्या दहा गाड्यांचा धुरळा आमच्या तोंडात. मंडळातल्या वहिनींनी पदर घट्ट गुंडाळला, मी टोपी नाकावर ओढली. वाटेत डाव्या हाताला अंजिराची बाग होती, तिची रस्त्याकडची पानं पांढुरकी झाली होती. पानावर धूळ बसली की लाल कोळीचं फावतं, हे आपल्याला सांगायला नको. त्या बागवाल्याला या सोळा गाड्यांतून काय मिळत असेल, हा विचार तिथंच मनात आला आणि मग दिवसभर सुटला नाही.

आता पाण्याच्या खेळाबद्दल. या सहलीत जीपवाले एकमेकांच्या गाडीतल्या माणसांवर पाणी उडवतात. बादल्या आणि प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या गाडीतच ठेवलेल्या असतात. वाटेतल्या खेड्यांत दगडी बांधणीचे, सतत वाहणारे नळकोंडाळे असतात, त्यांना 'चेश्मे' म्हणतात. तिथं गाडी थांबवून बादल्या भरायच्या आणि पुन्हा सुरू. पोरासोरांना मजा येते, मलाही आली, खोटं कशाला बोलू. पण आमच्याबरोबर माण तालुक्यातले एक काका होते. उमेदीची वर्षं टँकरची वाट बघण्यात गेलेला माणूस. त्यांच्या हातात बादली दिली, ती त्यांनी गुडघ्यावर धरून ठेवली. पुढच्या थांब्यावर उतरले आणि रस्त्याकडच्या एका ऑलिव्हच्या रोपाच्या बुंध्याशी हळूच ओतली. ड्रायव्हरनं विचारलं, काय झालं? कुणी काहीच सांगितलं नाही.

धबधबा तुर्गुत या खेड्याजवळ आहे. चिनार झाडांच्या गर्द सावलीतून ओढ्याच्या कडेनं थोडं चालायचं. काश्मीरचा चिनार तोच हा, तुर्की भाषेतही नाव चिनारच. ओढ्याच्या काठानं आपली कण्हेर फुललेली होती. तिकडं ती रानातच उगवते, आणि जनावरं तिला तोंड लावत नाहीत, ते आपल्याकडच्यासारखंच. धबधबा म्हणाल तर ठोसेघरच्या पासंगालाही पुरणार नाही. दोन-तीन टप्प्यांत उतरणाऱ्या मनगटाएवढ्या धारा आणि खाली हिरव्या, थंडगार पाण्याचा डोह. पाय घातला की कळ मस्तकात जाते. विलायती पाहुणे खडकावरून धडाधड उड्या मारत होते.

मंडळातले काही जण हिरमुसले. "एवढ्यासाठी एवढ्या लांब?" पण मला हीच गोष्ट मोलाची वाटली. त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. डोंगरात मुरलेलं हिवाळ्याचं पाणी झऱ्यांवाटे उन्हाळाभर झिरपत राहतं. म्हणजे पर्यटक येतात तेव्हा धबधबा सर्वांत सौम्य असतो. आपलं नेमकं उलटं. आपला धबधबा पाहण्याजोगा होतो तो आषाढ-श्रावणात, आणि तेव्हाच तो जीव घेण्याजोगाही असतो. वर डोंगरात ढग फुटला तर खाली डोहातल्या माणसाला कळायच्या आत लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती बातमी सगळ्यांनी पाहिली आहे. तिकडची उडी पाहून इकडं डोह दाखवायला निघालो तर ते अंगाशी येईल. सरपंचबाईंना मी पहिलं हेच सांगितलं, की पावसाळ्यात जीप धबधब्याच्या समोरच्या पठारावर थांबली पाहिजे. डोहाकडं माणूस उतरता कामा नये, आणि खाली राहायला गावचीच दोन माणसं हवीत, रोजंदारीवर.

जेवणाला कोंबडी किंवा मासा, भाजी, दही आणि गव्हाच्या भरड्याचा भात. आपली लापशी तिखटामिठाची केली तर जशी लागेल तशी. पण खरी गर्दी होती ती एका झाडाखाली बसलेल्या दोन बायांभोवती. ढगळ सलवार, डोक्याला रुमाल, पुढ्यात बुटकं गोल पोळपाट आणि काठीसारखं लांब, बारीक लाटणं. पातळ पोळी लाटायची, आत चीज नाहीतर पालेभाजी भरायची, घडी घालून पालथ्या तव्यावर भाजायची. तिला 'गोझलेमे' म्हणतात. बरोबर 'आयरान', म्हणजे मीठ घातलेलं ताक. आमच्या वहिनी त्या बाईच्या शेजारी जाऊन बसल्या, लाटणं हातात घेतलं आणि एक पोळी लाटून दाखवली. भाषा एकमेकींची येत नव्हती, तरी दहा मिनिटं दोघींचं बोलणं चाललं होतं! पैसे त्या बाईच्या हातात थेट पडत होते. सबंध दिवसात गावच्या माणसाच्या हातात थेट पैसे पडताना मी दोनच ठिकाणी पाहिले, त्यातलं हे एक. गालिच्याच्या एका मोठ्या दुकानात आम्हाला पाऊण तास बसवलं, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

दुसरं ठिकाण मधाचं. इथं जरा थांबतो, कारण हा विषय आपल्या शेतकऱ्यानं समजून घ्यावा असा आहे.

मूला प्रांत पाइनच्या मधासाठी जगात प्रसिद्ध आहे. जगातला बहुतेक पाइन-मध तुर्कस्तानात होतो आणि त्यातला मोठा वाटा या प्रांतातला. गंमत अशी, की हा मध फुलांचा नाहीच. तिकडच्या लाल पाइन झाडाच्या सालीत एक रस शोषणारी कीड राहते. शास्त्रीय नाव मार्चालिना हेलेनिका. अंगावर पांढरा कापसासारखा मेणाचा थर. झाडाचा रस शोषून ती गोड, चिकट थेंब बाहेर टाकते, आणि मधमाश्या ते थेंब गोळा करून मध बनवतात. मी बुंध्याजवळ जाऊन सालीच्या भेगेतला तो पांढरा कापूस पाहिला आणि एकदम आठवला आपला उसावरचा लोकरी मावा. २००२ च्या सुमाराला तो आपल्या भागात आला तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांबरोबर उसात शिरलं की अंगाला चिकटा लागायचा, पानांवर काळी बुरशी चढायची. ज्वारीवरचा चिकटाही सगळ्यांच्या ओळखीचा. आपण ज्याच्यावर फवारा मारतो, त्याच जातीच्या चिकट्यावर तिथं हजारो कुटुंबं जगतात. वेलवर्गीय पिकावरच्या औषधाच्या चार गोष्टी मला येतात, पण हे कुठल्या डिप्लोमात शिकवलं नव्हतं.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते. उन्हाळा सरता सरता आणि शरदात चिकटा भरपूर येतो. त्या सुमाराला दुसऱ्या प्रांतांतून मधपाळ ट्रकनं पेट्या आणून इथल्या जंगलात लावतात. जीपमधून जाताना उतारावर निळ्या-पांढऱ्या पेट्यांच्या रांगा दिसत होत्या. मध गडद रंगाचा, कमी गोड, आणि लवकर साखरत नाही. अर्थात हे वाचून कुणी ती कीड आणायचं मनात आणू नये! ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये ती मेलबर्न परिसरात सापडली, तेव्हा तिथं ती उपद्रवी कीड म्हणूनच धरली गेली. जिथली तिथं शोभते.

मधाच्या दुकानामागच्या डोंगराकडं बोट दाखवून ड्रायव्हर गप्प झाला. अर्धा डोंगर काळ्या खुंटांचा, अर्धा हिरवा. २०२१ च्या जुलैअखेरीस मार्मारिस परिसरात वणवे पेटले आणि कित्येक दिवस जळत राहिले. पाइनची जंगलं गेली आणि मधपाळांचं कंबरडं मोडलं. लाल पाइन तसा चिवट, आगीनंतर बियांपासून पुन्हा उगवतो. खुंटांमध्ये गुडघाभर रोपं आम्हालाही दिसली. पण रोप वाढून त्या किडीला पोसण्याजोगं व्हायला बरीच वर्षं जातात. तोवर पेटी लावून उपयोग नाही. म्हणून आता उन्हाळ्यात जंगलात शेकोटीला बंदी असते, आणि धोका वाढला की जंगलात शिरायलाच प्रशासन मनाई करतं. आमच्या जीपमध्ये एकानं सिगारेट काढली तर ड्रायव्हरनं गाडी थांबवून ती विझवायला लावली, थोटूक डबीत टाकून डबी स्वतःच्या खिशात ठेवली. दिवसभर गाणी लावून दंगा करणारा तो माणूस त्या वेळी हसत नव्हता.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिकडं गावचा प्रमुख 'मुख्तार', आपल्या 'मुखत्यार' शब्दाचा सख्खा भाऊ. तो निवडून येतो. पण २०१२ च्या एका कायद्यानं मोठ्या प्रांतांची महानगरपालिका-व्यवस्था केली. मार्च २०१४ च्या स्थानिक निवडणुकांपासून मूलासह अशा प्रांतांतल्या १६ हजारांवर खेड्यांचं गाव म्हणून असलेलं कायदेशीर अस्तित्व संपलं. खेडी शहराची 'मोहल्ले' झाली, गावच्या सामाईक मालमत्ता पालिकांकडं वगैरे गेल्या. मुख्तार राहिला, पण गावची तिजोरी राहिली नाही. तेव्हा धबधब्याच्या गर्दीतून गावाच्या खात्यात काय पडतं, या माझ्या प्रश्नाला ड्रायव्हरनं नुसते खांदे उडवले.

आपल्याकडं अजून ग्रामसभा आहे. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. आपल्याच जिल्ह्यात कासच्या पठारावर भोवतालच्या गावांच्या वन समित्या शुल्क घेऊन गर्दी सांभाळतात, आणि महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. हे सगळं मी सरपंचबाईंना सांगितलं. जीप वनहद्दीतून जाणार असेल तर वन विभागाची परवानगी, गाडीला प्रवासी वाहतुकीचा परवाना, विमा, हेही सांगितलं. पोरांचे चेहरे विमा म्हटल्यावर उतरले.

त्या दिवसाचा शेवट ओरहानियेच्या खाडीत झाला. तिथं समुद्रात आत लांबवर वाळूचा एक पट्टा गेला आहे, नाव किझकुमू, म्हणजे मुलीची वाळू. गुडघाभर पाण्यातून माणूस चालत जातो आणि लांबून पाहणाऱ्याला तो समुद्रावरून चालल्यासारखा दिसतो. माणचे काका पँट दुमडून टोकापर्यंत जाऊन आले. धुळीनं माखलेले आम्ही सगळे त्यांच्यामागं. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "गाड्या निम्म्या असत्या तर जास्त बरं वाटलं असतं बघा."

आता २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. वनपाल येणार आहेत. दिवसाला किती जीप सोडायच्या, याचा आकडा सरपंचबाईंनी माझ्याकडून लेखी मागितला आहे. वाट अरुंद आहे, दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरी आणि नाचणीची रानं आहेत, आणि गाडी वळवायला जागा एकच. मी सहा लिहिलं आहे. पोरांकडं गाड्या बारा आहेत, आणि त्यातल्या चार हप्त्यावर घेतलेल्या.