‘वन सेंट’वरचं बारीक ‘नॉट’

तांब्याची चकती, व्यास जेमतेम 19 मिलिमीटर. मधोमध ठळक ‘वन सेंट’. नीट निरखलं, तर वर बारीक अक्षरांत आणखी एक शब्द सापडतो: ‘नॉट’. गिऱ्हाइकाला वाटावं नाणं, आणि अंगाशी आलं तर म्हणता यावं, हे नाणं नव्हेच!

अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं 1861मध्ये. डिसेंबर संपता संपता बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. लोकांनी आधी सोनं दडवलं, मग चांदी. 1862च्या उन्हाळ्यात तर मोडीसाठी सेंटसुद्धा मिळेना. लोक मोड म्हणून टपालाची तिकिटं देऊ लागले, पण ती घामट खिशात एकमेकांना चिकटायची. जॉन गॉल्टने तिकीट पितळी चौकटीत बसवलं, वर अभ्रकाचा पारदर्शक पापुद्रा लावला आणि पाठीवरची जागा जाहिरातदारांना विकली. आयर कंपनीच्या औषधी गोळ्यांची जाहिरात अशी घरोघरी पोचली.

सेंटच्या मापाच्या चकत्या पाडणं त्याहून स्वस्त. औषधवाले, खाटीक, वाणी, दारूवाले अशा सगळ्यांनी आपापल्या नावाच्या पाडून घेतल्या. एकूण अंदाज अडीच कोटींचा! घाई इतकी, की झेंड्याला हात लावणाऱ्याला ‘ऑन द स्पॉट’ गोळी घाला असं बजावणाऱ्या एका चकतीवर ‘स्पॉट’मध्ये एक ‘ओ’ जादा पडला.

चकती बनवायला सेंटपेक्षा कमी खर्च यायचा आणि ती खपायची एका सेंटला. दुकानदार ती परत घेईल, एवढ्या भरवशावर सगळं चालायचं. न्यूयॉर्कचा दारूवाला गुस्ताव लिंडेनम्युलर याच्या चकत्या दहा लाखांवर गेल्या असं सांगतात. थर्ड अव्हेन्यूच्या घोडा-ट्रामवाल्यांनी त्या भाड्यापोटी घेतल्या आणि ढीग साचल्यावर पैसे मागायला गेले. गडी हसला आणि नाही म्हणाला. ट्राम कंपनीकडे दाद मागायला कायदाच नव्हता.

तो आला 22 एप्रिल 1864ला. त्यात खासगी सेंटवर बंदी होती, हजार डॉलरपर्यंत दंड होता, कैदही होती. त्याच कायद्याने सरकारने आपला जाड तांबे-निकेलचा सेंट सोडून पातळ ब्राँझचा सेंट काढला. लोक हलकं ब्राँझ बिनतक्रार घेतात, हे टांकसाळीला एव्हाना या चकत्यांनीच दाखवून दिलं होतं.