काळाचा तपास आणि प्रेक्षकांचे दुमत

गुन्हा आधी घडतो, तपास नंतर सुरू होतो, हा रहस्यकथेचा मूळ नियम. पण काळात मागे-पुढे जाता आले, तर या नियमाचे काय होईल? नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखल झालेल्या 'बॉडीज' या आठ भागांच्या ब्रिटिश मालिकेने हा प्रश्न विचारला आणि तिने दिलेल्या उत्तरावरून प्रेक्षकांत दोन तट पडले.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका गल्लीत मृतदेह सापडतो. १८९०, १९४१, २०२३ आणि २०५३ अशा चार वर्षांत, त्याच जागी, त्याच माणसाचा! चारही काळांतील पोलीस अधिकारी आपापल्या परीने तपास करतात. सी स्पेन्सर यांच्या चित्रकादंबरीवर आधारलेल्या या मालिकेच्या गुंतागुंतीच्या मांडणीला दाद मिळाली. मतभेद आहेत ते शेवटाविषयी. (मालिका न पाहिलेल्यांनी पुढचा परिच्छेद टाळावा.)

अखेरीस २०२३ मधील महास्फोट टळतो आणि त्यातून उद्भवणारे भविष्य पुसले जाते. तर्कप्रेमी प्रेक्षक विचारतात, स्फोट झालाच नाही तर त्यातून उभी राहणारी राजवट कुठली? ती नसेल, तर २०५३ मधून भूतकाळात गेले कोण? आणि कोणी गेलेच नसेल, तर स्फोट टाळला कोणी? दुसऱ्या गटाला हा हिशेब गौण वाटतो. जे अटळ म्हणून सांगितले जात होते, ते एका माणसाच्या मनात शंका पेरल्याने बदलते, यातच त्यांना कथेचे सार दिसते.

मराठी प्रेक्षकांना हा पेच अपरिचित नाही. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरील 'समांतर' ही वेबमालिका २०२० मध्ये आली. तीत प्रत्यक्ष कालप्रवास नसला, तरी सुदर्शन चक्रपाणीचा भूतकाळ हाच कुमार महाजनचा भविष्यकाळ ठरतो. पहिल्या पर्वात कुमार चक्रपाणीचा माग काढतो, तर २०२१ च्या दुसऱ्या पर्वात त्याच्या रोजनिशीतून स्वतःचे उद्या वाचतो. लिहिलेले टळते की टाळण्याच्या धडपडीतूनच खरे होते, हा प्रश्न येथेही आहेच.

डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेने तिसरी वाट दाखविली. तेथे इतिहास पुसला जात नाही, त्याला फाटा फुटतो. १७६१ च्या लढाईत विश्वासराव बचावतात आणि मराठे जिंकतात, असे जग आपल्या जगाला समांतर असते. दोन्ही जगे खरी असल्याने तर्काचा फासच पडत नाही.

काळ अचल, परिवर्तनीय की अनेक शाखांचा, यांपैकी कोणताही नियम कथाकाराने घ्यावा. रहस्यकथेचा करार एवढाच, की पुराव्यांप्रमाणे हा नियमही वेळेवर प्रेक्षकापुढे ठेवला जावा. 'बॉडीज' बहुतांश भागांत काळाचे चक्र अभेद्य मानते आणि अखेरीस ते भेदते. म्हणून तर्कप्रेमींची तक्रार रास्त आहे. मात्र चक्र अभेद्यच राहिले असते, तर चार अधिकाऱ्यांच्या तपासाला अर्थ काय उरला असता, याचे उत्तर त्यांनाही द्यावे लागेल.