कोऱ्या जागेची भीती : आणीबाणीतील सेन्सॉरशिप कशी चालली आणि कुठे अडली

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूर शाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांचा वीजपुरवठा बंद करण्यात आला. त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत अशांततेचे कारण देणाऱ्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ अन्वये काढलेल्या आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली होती. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई यांच्यासह विरोधी पक्षांच्या नेत्यांना पहाटेपर्यंत ताब्यात घेण्यात आले. एवढ्या मोठ्या घडामोडीची बातमी देऊ शकणारी राजधानीतील बहुतेक वृत्तपत्रे मात्र २६ जूनच्या सकाळी निघालीच नाहीत. ज्यांना वीज पुरविणारी व्यवस्था वेगळी होती, ती ‘स्टेट्समन’ आणि ‘हिंदुस्थान टाइम्स’ ही दैनिके तेवढी छापली गेली. त्या सकाळी आकाशवाणीवरून पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे भाषण झाले. देशातील बहुसंख्य नागरिकांना आणीबाणीची वार्ता कळली ती या एकाच आवाजातून.

आधी इतर आवाज बंद करायचे आणि नंतर आपला आवाज ऐकवायचा, हा क्रम पुढील २१ महिने कायम राहिला. सत्ता आणि लोकमन यांच्या संबंधाचा अभ्यास करताना आणीबाणीचा काळ आजही महत्त्वाचा ठरतो, कारण या काळातील नियंत्रणाची साधने नंतर चौकशी आयोगासमोर आणि न्यायालयांसमोर तपशिलाने उघड झाली.

अदृश्य राहणारे नियंत्रण

भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतील नियम ४८ अन्वये २६ जून रोजी सेन्सॉरशिपचा आदेश निघाला. ठरावीक विषयांवरील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्याला दाखवून त्याची मंजुरी घेणे बंधनकारक झाले. काही दिवसांतच इंद्रकुमार गुजराल यांच्या जागी विद्याचरण शुक्ल यांच्याकडे माहिती व प्रसारण खाते सोपविण्यात आले.

प्रारंभी काही संपादकांनी निषेधाचा एक साधा मार्ग निवडला. २८ जून रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच दिवशी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त मृत्युवार्तांच्या स्तंभात एक छोटी जाहिरात प्रसिद्ध झाली. कुणा सद्गृहस्थाच्या निधनाची वाटावी अशा त्या मजकुरातील नावे नीट वाचली की लोकशाहीच्या मृत्यूची ती वार्ता आहे, हे ध्यानात येत असे.

यानंतर सेन्सॉरने अग्रलेखाची जागा कोरी सोडण्यास मनाई केली. त्या जागी महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर यांच्यासारख्यांची वचने छापण्यासही आक्षेप घेण्यात आला. कोऱ्या जागेत एकही अक्षर नसते, मग तिची धास्ती कशासाठी? याच प्रश्नात सेन्सॉरशिपच्या कार्यपद्धतीचे मर्म आहे. कोरी जागा पाहणाऱ्या वाचकाला काहीतरी काढून टाकले गेले आहे, हे समजते. तो उरलेला मजकूरही सावधपणे वाचू लागतो आणि शेजाऱ्याला विचारतो. भरगच्च, नेहमीसारखे दिसणारे वृत्तपत्र हाती आले तर मात्र काही घडलेच नाही, असा त्याचा समज होऊ शकतो. म्हणून नियंत्रण ठेवणाऱ्याला मजकूर काढणे पुरेसे वाटत नाही. मजकूर काढल्याची खूणही त्याला पुसावी लागते.

आर्थिक आणि संस्थात्मक दोऱ्या

प्रत्येक दैनिकाची प्रत्येक ओळ तपासणे कोणत्याही सरकारला अवघड असते. त्यामुळे वृत्तपत्रांनी स्वतःच स्वतःवर बंधने घालावीत, अशी परिस्थिती निर्माण करण्यात आली. वृत्तपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी करून सरकारी जाहिरातींचे वाटप तिच्याशी जोडले गेले. जाहिरात हे वृत्तपत्राच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन. ते आटले की संपादकाच्या आधी मालकाचे धैर्य खचते, हे या योजनेमागील गणित होते.

बातम्यांचा उगमही एका हाती आणला गेला. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, युनायटेड न्यूज ऑफ इंडिया, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्थांचे एकत्रीकरण होऊन फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘समाचार’ ही एकच संस्था काम करू लागली. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या लहान दैनिकाला दिल्लीत वार्ताहर ठेवणे परवडत नाही. ते वृत्तसंस्थेवर अवलंबून असते. चार झऱ्यांऐवजी एकच नळ उरला की त्या नळाच्या चावीवर ज्याचा हात, त्याच्या इच्छेनुसार देशभरातील स्तंभ भरू लागतात.

दाद मागण्याच्या जागाही कमी होत गेल्या. प्रेस कौन्सिल बरखास्त झाले. डिसेंबर १९७५ मध्ये आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीस प्रतिबंध करणारा वटहुकूम आला आणि पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. संसदेतील कामकाजाचे वृत्त निर्धास्तपणे देता यावे म्हणून फिरोज गांधी यांच्या प्रयत्नातून १९५६ मध्ये झालेला कायदाही रद्द करण्यात आला. खासदार सभागृहात बोलले तरी त्यांचे शब्द मतदारापर्यंत पोहोचतील, याची शाश्वती त्यामुळे उरली नाही.

एकाच सुराची पुनरावृत्ती

रिकाम्या झालेल्या अवकाशात सरकारचा संदेश भरला गेला. १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेला वीसकलमी कार्यक्रम, शिस्तीचा महिमा सांगणारी घोषवाक्ये, वेळेवर धावणाऱ्या आगगाड्यांचे दाखले आणि पंतप्रधानांची छायाचित्रे यांनी भिंती व फलक व्यापले. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी तर इंदिरा म्हणजेच भारत, असे समीकरण मांडले. पवनारच्या आश्रमात मौन पाळणाऱ्या विनोबा भावे यांच्या नावाने ‘अनुशासन पर्व’ हे शब्द देशभर पोहोचविण्यात आले. अनुशासन हे सत्तेचे नसून निर्भय व निष्पक्ष आचार्यांचे असते, हे त्यांनी नंतर केलेले विवेचन मात्र त्या प्रमाणात पसरले नाही.

मनोरंजनाचे क्षेत्रही यातून सुटले नाही. सरकारच्या प्रसिद्धीकार्यात सहकार्य करण्यास गायक किशोरकुमार यांनी नकार दिल्यानंतर त्यांची गीते आकाशवाणीवरून प्रसारित करणे थांबविण्यात आले. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय उपरोधपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. एका गायकाचे गाणे थांबल्याने सरकारचे फारसे काही साधत नसते; परंतु इतर हजारो कलावंतांना त्यातून जो इशारा मिळतो, त्याचे मोल सत्तेच्या दृष्टीने मोठे असते.

मनावरील नियंत्रण हे शब्द ऐकताना एखाद्या गूढ तंत्राची कल्पना येते. प्रत्यक्षातील पद्धत साधी होती. एकच गोष्ट सगळीकडून ऐकू येते आणि विरुद्ध मत कुठेच दिसत नाही, तेव्हा असहमत असलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत, असे वाटू लागते. त्याचे मत बदललेले नसते, पण तो ते उच्चारत नाही. त्याचा शेजारीही याच कारणाने गप्प असतो. अशी अनेक मौने एकत्र आली की सत्ताधाऱ्यांना ती संमती म्हणून मिरवता येतात.

बातमी न आल्याची किंमत

या मौनाची किंमत कोणाला मोजावी लागली, हे दोन घटनांवरून दिसते. १९ एप्रिल १९७६ रोजी दिल्लीतील तुर्कमान गेट परिसरात घरे पाडण्याच्या कारवाईला रहिवाशांनी विरोध केला आणि पोलिसांनी गोळीबार केला. राजधानीच्या मध्यभागी माणसे मरण पावली. तरी देशातील वाचकांपर्यंत त्याचे स्वतंत्र वृत्त पोहोचले नाही. त्यानंतर नवव्या दिवशी, २८ एप्रिल रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला, की आणीबाणीच्या काळात स्थानबद्ध व्यक्तीला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्नमत नोंदविले. वृत्तपत्राचा आणि न्यायालयाचा असे दोन्ही मार्ग सामान्य माणसासाठी जवळजवळ एकाच वेळी बंद झाले. शहा आयोगाच्या नोंदीनुसार आणीबाणीत एक लाख दहा हजारांहून अधिक लोकांना अटक अथवा स्थानबद्ध करण्यात आले होते.

दुसरी घटना नसबंदी मोहिमेची. १९७६-७७ या वर्षासाठी सुमारे ४३ लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ८१ लाखांहून अधिक झाल्या. शिक्षक, तलाठी, कनिष्ठ कर्मचारी यांच्यावर उद्दिष्टांचा बोजा टाकला गेला आणि अनेक ठिकाणी सक्ती झाली. वृत्तपत्रे मोकळी असती, तर पहिल्या काही गावांतील तक्रारी छापून आल्या असत्या, संसदेत प्रश्न विचारले गेले असते आणि अधिकाऱ्यांना हात आखडता घ्यावा लागला असता. तसे घडले नाही. वरिष्ठांच्या टेबलावर केवळ वाढते आकडे पोहोचत राहिले आणि ते यशाचे द्योतक मानले गेले. खरी बातमी थांबल्यावर गावोगावी अफवा फिरू लागल्या. सरकारच्या खऱ्या बोलण्यावरही लोकांचा विश्वास उरला नाही.

न वाकलेले आवाज

सर्वांनीच मौन पत्करले, असे मात्र नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भीडपणे मांडली आणि मुंबईत उपचार घेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीस आराम पडावा, यासाठी उपस्थितांना प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. साने गुरुजींनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली सेन्सॉरशी झगडत राहिले. गुजरातमधील ‘भूमिपुत्र’ पत्राने उच्च न्यायालयात सेन्सॉरच्या आदेशांना आव्हान दिले.

मुंबई उच्च न्यायालयासमोर मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ नियतकालिकाचे प्रकरण आले. सेन्सॉरने त्यातील ११ मजकूर रोखले होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये खंडपीठाने मसानी यांच्या बाजूने निकाल देताना, सर्व वृत्तपत्रांनी एकाच सुरात बोलावे अशी व्यवस्था करणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे स्पष्ट केले. सरकारवर टीका करणे म्हणजे राज्यव्यवस्था उलथविणे नव्हे, हा भेद आणीबाणीतही कायद्याने जिवंत ठेवला.

नियंत्रणाची मर्यादा

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. ६ फेब्रुवारी रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखविला. तरीही मैदान गर्दीने भरून गेले. मार्चमधील निकालात काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या आणि स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा मात्र काँग्रेसने जिंकल्या.

या विरोधाभासाला अनेक राजकीय कारणे आहेत. पण त्यातून एक गोष्ट सूचित होते. नसबंदीची सक्ती आणि पाडकाम ज्यांनी स्वतः अनुभवले, त्यांच्यावर प्रचाराचा परिणाम झाला नाही. दूरच्या माणसाला मात्र तिथले दुःख कळण्यासाठी वृत्तपत्राखेरीज दुसरा मार्ग नव्हता. सेन्सॉरशिप पीडिताला त्याची पीडा विसरायला लावू शकत नाही. इतरांपर्यंत ती पोहोचणार नाही, एवढी व्यवस्था ती करू शकते. त्याचबरोबर ती सत्ताधाऱ्यालाही अंधारात ठेवते. स्वतःच्याच स्तुतीचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सरकारला उत्तर भारतातील रोषाचा अंदाज मतमोजणीपर्यंत पुरेसा आला नाही.

पुढची तरतूद

१९७७ नंतर आक्षेपार्ह मजकुराचा कायदा रद्द झाला, संसदीय वृत्तांकनाचे संरक्षण परत आले आणि १९७८ मध्ये ‘समाचार’चे विभाजन होऊन वृत्तसंस्था पुन्हा स्वतंत्र झाल्या. ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ ही अधिक कठोर अट घातली. अनुच्छेद ३६१-अ नुसार संसद व विधिमंडळांच्या वृत्तांकनाला घटनात्मक संरक्षण मिळाले.

आज बातमी रोखण्यासाठी छापखान्याची वीज तोडण्याची गरज नाही. इंटरनेट बंद करता येते. याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये जम्मू-काश्मीरमधील निर्बंधांविषयी निर्णय देताना, इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही आणि तसे आदेश प्रसिद्ध करणे आवश्यक आहे, असे सांगितले. आदेश जाहीर झाला तरच त्याला न्यायालयात आव्हान देता येते. १९७५ मध्ये सेन्सॉरने कोऱ्या जागेला मनाई केली होती. आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन नागरिकाला तीच कोरी जागा परत मिळवून देते. काय रोखले, कोणी रोखले आणि का रोखले, हे त्याला कळू शकते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सुरुवात तिथूनच होते.